काठ का खचतो, पूर का थांबतो: कृष्णाकाठच्या एका प्रश्नाचं उत्तर

प्रश्न पलूस तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा: "आमचं रान कृष्णेच्या वळणावर आहे. पंधरा वर्षांत अकरा-बारा गुंठे नदीत गेलं. समोरच्या काठाला मात्र दरवर्षी गाळ बसून रान वाढतंय. त्यात २०१९ आणि २०२१ चे पूर. वळण काढून नदी सरळ केली, गाळ उपसून खोल केली आणि आमच्या काठाला भिंत घातली, तर काठ वाचेल का? पूर उतरेल का? आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो म्हणतात, त्यातलं खरं काय?"

मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बावीस कृष्णा आणि वारणेच्या काठावर. (खात्याचं नाव पुढे जलसंपदा झालं, पण गावात गेलो की अजून "पाटबंधाऱ्याचे साहेब आले" असंच म्हणतात.) आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. वळण काढायच्या भानगडीत पडू नका. खोल करून पूर उतरणार नाही. भिंतीनं तुमचा काठ वाचलाच, तर शेजाऱ्याचा जाईल. काठ वाचवता येतो, पण त्याची रीत वेगळी आहे आणि ती शेवटी सांगतो, कारण आधी नदी काय करते आहे ते कळल्याशिवाय त्या रीतीचा उपयोग नाही.

घरी एक करून बघा. बिनगाळलेला चहा कपात घ्या आणि चमच्यानं गोल ढवळा. चमचा काढल्यावर चहाची पूड कुठे जाते? फिरणारं पाणी वस्तू बाहेर फेकतं, म्हणून पूड कडेला जावी असं वाटतं. पण ती तळाशी मध्यभागी गोळा होते. वरचं पाणी जोरात फिरतं, ते कडेला रेटलं जातं आणि तिथून खाली उतरतं. तळाचं पाणी कपाच्या बुडाशी घासून मंदावलेलं असतं, त्याला बाहेर जायचा जोर उरत नाही, ते मध्याकडे ढकललं जातं आणि जाताना पूड घेऊन जातं. आइन्स्टाइननं १९२६ साली हेच उदाहरण घेऊन नद्यांची वळणं समजावली होती.

तुमचं वळण म्हणजे तो कप. वरचं वेगवान पाणी तुमच्या काठावर आदळतं, काठालगत खाली मुसंडी मारतं आणि काठाचा पायथा पोखरतं. म्हणूनच वळणाच्या बाहेरच्या अंगाला डोह असतो. गावातली म्हातारी माणसं "तिथं पोरांना पोहायला सोडू नका" म्हणतात ती जागा हीच. तळाचं मंद पाणी वाळू आणि गाळ ओढत पलीकडच्या काठाला नेऊन टाकतं. समोरच्या माणसाला जे नवं रान मिळालं, त्यातली बरीचशी माती तुमच्याही वरच्या वळणावरच्या कुणाची तरी आहे. तुमची माती पुढच्या वळणाच्या आतल्या अंगाला गेली. सातबाऱ्यावर क्षेत्र जैसे थे असतं, नदी मात्र दरसाल मोजणी करते.

याच खटाटोपातून मळी तयार झाली. (साखर कारखान्यातली मळी नव्हे, नदीकाठची गाळाची जमीन.) कृष्णाकाठच्या वांग्यांचं जे कौतुक होतं, ते या पोयट्याचं कौतुक आहे. पूर काठावरून बाहेर पडतो, पात्राबाहेर आल्याबरोबर त्याचा वेग मोडतो आणि अंगातला गाळ तो जागेवर सोडतो. जाड कण काठालगत, बारीक कण लांब. म्हणून काठाची पट्टी थोडी उंच आणि निचऱ्याची असते, तर काठापासून लांब, जुन्या ओढ्यांच्या बाजूला रान सखल आणि चिकट असतं. तुमच्या भागात चिबड आणि क्षारपड झालेली रानं आठवा, बहुतेक तिथेच असतील. उसाला बेसुमार पाणी देऊन आपण ती बिघडवली हे खरं, पण पाणी तिथेच का साठलं याचं उत्तर नदीनं आधीच लिहून ठेवलेलं होतं.

आता थोडा उतार बघा. कृष्णेचा उगम महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या वर. वाईला येईपर्यंत ती सातशेच्या आसपास येते. म्हणजे सहाशे मीटरची उडी पहिल्या चाळीसेक किलोमीटरांत. सांगली शहराची उंची साधारण ५५०. वाईपासून सांगलीपर्यंतच्या एवढ्या लांबच्या प्रवासात नदीला उतरायला उरले फक्त दीडेकशे मीटर, आणि त्यातलाही मोठा भाग कऱ्हाडच्या आधीच संपतो. घाटात नदी गोटे लोटत येते, कऱ्हाडला वाळू आणते, आणि तुमच्यापाशी पोचेपर्यंत तिच्या अंगात फक्त पाणी, बारीक वाळू आणि मऊ माती उरते. जिथे उतार संपतो तिथे नदी वळणं घ्यायला लागते. ती आळशी झाली असं नाही, उरलेली ताकद ती आडवी खर्च करते.

मग वळण कापून सरळ केलं तर? तेवढ्याच उतरणीला अंतर कमी मिळालं, म्हणजे उतार वाढला, म्हणजे वेग वाढला. कापलेल्या जागेच्या वरच्या अंगाला तळ खरवडायला सुरुवात होते, तिथले काठ उंच आणि उघडे पडतात, वरच्या पुलांचे पाये उघडे पडतात. खालच्या गावात पाणी लवकर आणि एकदम पोचतं. आणि काही वर्षांनी नदी नव्या जागी पुन्हा वळण घेते, कारण तिला वळण घ्यायला लावणारं कारण तसंच असतं.

खोलीकरणाचा हिशेब तर तुम्ही स्वतः करू शकता. समजा, दहा किलोमीटर लांब, शंभर मीटर रुंद पात्र एक मीटर खोल केलं. दहा लाख घनमीटर माल निघाला. डंपरमध्ये दहा घनमीटर धरले तर एक लाख खेपा. टाकायचा कुठे, हा वेगळाच प्रश्न. आता पुरात एक लाख क्युसेक पाणी येतंय असं धरा. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २,८३० घनमीटर. तुमचा तो लाख खेपांचा खड्डा सहा मिनिटांत भरला. कुणी हुशार म्हणेल, साहेब, खड्डा भरल्यावर वाहण्याची जागा तर वाढली ना? वाढली. पण पंधरा मीटर खोल वाहणाऱ्या पुरात एक मीटर वाढून किती वाढणार? शिवाय या भागात पुराची पातळी तुमच्या गावातला तळ ठरवत नाही, खालचं पाणी पुढे सरकतं की नाही यावर ती ठरते. तुंबलेल्या मोरीत मधली फरशी खोदून पाणी जात नाही. पुलाच्या गाळ्यात भरलेला माल काढणं, बंधाऱ्याजवळची बेटं आणि झुडपं हटवणं, ओढ्यांची तोंडं मोकळी करणं, ही कामं जरूर करावीत. सरसकट खोलीकरण हे बहुतेक वेळा वाळूचं टेंडर असतं.

आणि वाळू हा खरा घाव आहे. तळातली वाळू उपसली की डोह लांबतो, काठाचा पायथा उघडा पडतो. वर धरणांनी गाळ अडवून धरलेला. धरणातून सुटलेलं पाणी निवळ असतं, आणि गाळ नसलेलं पाणी तो कुठून तरी उचलतंच. मिळाला नाही तळातून, तर काठातून.

आता पूर. खालचं पाणी पुढे सरकत नाही असं म्हणालो, ते कुठे ते बघा. कऱ्हाडला कोयना मिळते, तीही समोरासमोर येऊन. सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. नृसिंहवाडीला पंचगंगा, आणि ती स्वतः कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन आलेली. या सगळ्या नद्यांची डोकी सह्याद्रीत, एकाच पावसाखाली. घाटात पाऊस लागला की सगळ्या एकाच वेळी फुगतात आणि मोजक्या अंतरात एका पात्रात येऊन पडतात, तेही जिथे उतार सगळ्यात कमी आहे तिथे. शिरोळकडचे लोक म्हणतात, "कृष्णा पंचगंगेचं पाणी घेईना झालीय." याहून नेमकं वाक्य मी कुठल्या अहवालात वाचलेलं नाही. मोठी नदी भरून वाहत असली की लहान नदीचं पाणी तोंडाशी अडतं, मागे फुगवटा चढत जातो, आणि कोल्हापूरला पाऊस थांबला तरी पाणी उतरत नाही. वाडीला दत्ताच्या पादुकांवरून पाणी दक्षिणद्वारानं बाहेर पडतं तो सोहळा लोक भक्तीनं बघतात. आम्ही तोच सोहळा पंचगंगेच्या फुगवट्याचा मापक म्हणून बघायचो.

२०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. २००५ मध्ये ते ५३ च्या वर होतं आणि तेव्हा आम्ही आपसात म्हणालो होतो, आता पुन्हा एवढं बघायला मिळायचं नाही. २०१९ चा पूर लांबलेल्या पावसाचा होता. ऑगस्टच्या सुरुवातीला धरणं भरत आलेली आणि घाटातला पाऊस थांबेना. २०२१ चा अगदी वेगळा. २२-२३ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. धरणं भरलेली नसतानाही कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांवर गेलं, धोका पातळी ४३ असताना. धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटातून जे पाणी येतं त्याला कुठलाच दरवाजा नसतो.

धरणं आधी का रिकामी ठेवत नाहीत, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारला गेलाय. कोयनेची साठवण १०५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), वारणेची ३४. साडेअकरा हजार क्युसेक चोवीस तास सोडलं की एक टीएमसी होतं, हे प्रमाण लक्षात ठेवा. दहा टीएमसी जागा मोकळी ठेवली तर लाख क्युसेकचा लोंढा एक दिवस आणि वर चार तास अडवता येतो. हे कमी नाही. पुराच्या शिखराच्या दिवशी तो एक दिवस लाखमोलाचा असतो. पण ही धरणं वीज आणि सिंचनासाठी बांधलेली, पुरासाठी राखीव पोकळी त्यांच्यात मुळातच ठेवलेली नाही. जुलैत पाणी सोडलं आणि सप्टेंबर कोरडा गेला तर एप्रिलमध्ये त्याच अभियंत्याच्या नावानं शिमगा होतो. तरीही माझं मत असं की जुलै-ऑगस्टची पातळी आणखी खाली धरायला हवी आणि तो निर्णय एकेका धरणाच्या अभियंत्यावर न सोडता सगळ्या खोऱ्याचा मिळून व्हायला हवा. कोयनेचं पाणी सांगलीला यायला साधारण दिवस लागतो. वारणा त्याच तासाला सोडायची की थांबवायची, यात फुटाफुटाचा फरक पडतो.

अलमट्टी. तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगतो. २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली होती. अलमट्टी आणि त्याच्या वरच्या अंगाच्या हिप्परगी बंधाऱ्याच्या फुगवट्यामुळे सांगली-कोल्हापुरात पूर आला, हे त्या समितीनं मान्य केलं नाही. अलमट्टी सांगलीपासून नदीच्या वाटेनं दोनशे किलोमीटरहून लांब आहे आणि तिथली सध्याची पूर्ण साठ्याची पातळी ५१९.६० मीटर आहे. ती पातळी ५२४.२५६ पर्यंत नेण्याचा कर्नाटकचा विचार आहे, त्याला महाराष्ट्राचा विरोध आहे, आणि तो असावा. कारण फुगवट्याच्या शेपटाशी गाळ बसत जातो आणि वर्षागणिक ते शेपूट वर सरकतं. आजचं गणित वीस वर्षांनी तसंच राहील असं कुठलाही नदीवाला म्हणणार नाही. पण सगळं खापर तिकडे फोडलं की आपल्या दारातलं दिसत नाही.

दारातलं म्हणजे रस्त्यांचे भराव. पूर फक्त पात्रातून जात नाही, तो दोन्ही बाजूंच्या रानांवरून मैल-मैल रुंद होऊन जातो. त्यावर आडवा पंधरा-वीस फूट उंच भराव टाकायचा आणि पूल फक्त पात्रापुरता बांधायचा, म्हणजे न बोलता बंधारा घातल्यासारखं आहे. दोन्ही पुरांत पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, तेव्हा सगळ्यांना रस्ता बुडाल्याचं दुःख. त्या भरावामागे किती पाणी अडलं याचा विचार काठावरच्या लोकांनीच केला. भराव काढून कमानी पूल करा, ही त्यांची मागणी अगदी शास्त्रशुद्ध आहे. दुसरं म्हणजे पूररेषा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, एवढी साधी गोष्ट. सांगलीत दत्तनगर किंवा सूर्यवंशी प्लॉटमध्ये पाणी आधी का शिरतं? ती सखल जागा नदीनं पुरासाठी वापरलेली आहे, आणि पाणी काठ ओलांडून येण्याआधी नाल्यातून उलटं चढून येतं. नुसती भिंत घातली तर हा नाला कुठे जाणार? त्याला झडपेचा दरवाजा हवा, आतलं पावसाचं पाणी बाहेर फेकायला पंप हवेत, आणि पुराच्या रात्री वीज हवी.

आता तुमचा काठ. काठ केव्हा ढासळतो ते बघितलंय का? पूर चढताना फारसा नाही. पाणी ओसरल्यावर, दोन-चार दिवसांनी. चढलेल्या पाण्यात काठ आतपर्यंत भिजून जड होतो, पण बाहेरचं पाणी त्याला टेकू देत असतं. पाणी झपाट्यानं उतरलं की टेकू गेला, वजन राहिलं. त्यातून पायथा आधीच पोखरलेला. मग पाळूच्या, म्हणजे काठाच्या वरच्या कडेच्या समांतर, आत पाच-सहा फुटांवर एक चीर पडते आणि एका सकाळी उसाच्या दोन सऱ्या उभ्याच्या उभ्या खाली बसतात. म्हणून वरून माती टाकून किंवा राडारोडा लोटून काही होत नाही. उलट वजन वाढतं.

काम पायथ्यापासून करायचं. एप्रिल-मेमध्ये पाणी सगळ्यात खाली असताना काठाच्या पायाशी चर खणून त्यात मोठे दगड भरा, आणि तिथून दगडाचं अस्तर वर न्या. दगडांखाली खडीचा थर किंवा जिओटेक्स्टाईल कापड हवंच, नाहीतर दगडांच्या फटीतून मागची माती वाहून जाते आणि दगड पोकळीत बसतात. अर्ध्या उंचीच्या वर दगड नसला तरी चालतो. तिथे वाळा लावा, वरच्या पाळूवर बांबू आणि करंज. एकट्यानं करू नका. जिथे काठ खचायला सुरुवात होते त्याच्याही वरून सुरू करून, जिथे तो पुन्हा पक्का होतो तिथवर न्यावं लागतं, म्हणजे तुमच्यासोबत वरचे-खालचे चार खातेदार लागतील. खात्याची परवानगी लागेल, ती घ्या.

टोक का बांधावं लागतं, ते मी नोकरीच्या चौथ्या वर्षी शिकलो. एका कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) मेअखेर निघायला हवे होते. कोण काढणार, मजुरी कोण देणार, यावर कागद फिरत राहिले आणि त्या वर्षी पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यातच लागला. वरून पाणी आलं, बर्गे जागेवर. बंधाऱ्याला ओरखडा नाही. पण नदीनं बगलेच्या भरावातून वाट काढली. संध्याकाळी मोटारसायकल जाईल एवढी घळ होती, सकाळी एसटी मावली असती. काँक्रीटचा बंधारा कोरड्यात उभा आणि नदी शेजारच्या उसातून. त्या शेतकऱ्याच्या बायकोनं मला त्या दिवशी चहा दिला, एक शब्द बोलली नाही. भिंत कितीही पक्की असो, पाणी तिचं टोक शोधतं.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. काठावरून खाली जाणारे तुमचे जॅकवेलचे (नदीतून पाणी उचलायच्या विहिरीचे) पाईप बघा. पाईप पुरण्यासाठी काठ कापलेला असतो, वर माती लोटलेली असते, ती कधीच पहिल्यासारखी घट्ट बसत नाही. मी बघितलेल्या खचलेल्या काठांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी ओघळीची सुरुवात अशाच चरातून झालेली होती. तो चर थराथरानं, धुम्मसानं ठोकून भरा. रानातलं पावसाचं पाणी पाळूवरून तसंच खाली कोसळू देऊ नका, एका जागी गोळा करून पाईपनं खालपर्यंत न्या. आणि पाळूपासून निदान दहा मीटर पट्टा ऊस सोडून द्या, तिथे पाणी देऊ नका. दहा मीटर म्हटल्यावर तुमचा चेहरा कसा झाला असेल ते मला इथे बसून दिसतंय, पण पंधरा वर्षांत अकरा गुंठे गेलेच आहेत.

खर्च करण्याआधी एक पावसाळा मोजा. मृगाआधी पाळूपासून आत पाच, दहा आणि पंधरा मीटरवर लोखंडी खुंट्यांच्या ओळी मारा, प्रत्येकीवर रंगानं आकडा टाका, आणि दिवाळीत टेप लावून अंतरं वहीत लिहा. कुठे जास्त गेलं ते कळलं की दगड कुठे टाकायचा ते कळेल. जॅकवेलच्या पाईपच्या दोन्ही अंगांना एकेक खुंटी जास्त मारा.